फिल्टरची नवी जागा

रावसाहेब इंगवल्यांच्या जुन्या मोटारीचा ऑइल फिल्टर इंजिनमागे इतका अडचणीत होता, की तो बदलताना हौसा मिस्त्रीचा हात दर वेळी भाजे. तिने जागा बदलू म्हटलं, तर रावसाहेब चारचौघांत गरजले, "गाडीतला स्क्रू न् स्क्रू मला पाठ आहे! तुझ्या हाताला सहज लागेल पण माझ्या नजरेला पडणार नाही, अशी जागा शोध. नाहीतर गाडी दुसऱ्या गॅरेजात!"

हौसाने नळ्या जोडून फिल्टर बॉनेटखाली अगदी पुढे, उजेडात बसवला.

रावसाहेब मंडळींना घेऊन आले. त्यांनी ऐटीत मागची डिकी उघडली, वाकून वाकून पाहिलं आणि चकित झाले. "खरंच दिसत नाही की गं!"

"कसा दिसेल, रावसाहेब?" हौसा म्हणाली. "मी तो मुद्दाम इंजिनाजवळ ठेवलाय."

मंडळी पोट धरून हसली, आणि फिल्टर तिथेच राहिला.