न निवळणारे पाणी

एका राज्यात, जिथे शेते संपत आणि वाळू सुरू होई, तिथे सांडणीस्वारांचे एक ठाणे होते. ठाण्याचे काम एकच. वाळवंटात पाऊस पडला की ओल्या वाळूचा माग काढायचा, टोळांनी अंडी घातली आहेत का ते पाहायचे आणि राजधानीत वार्ता पोहोचवायची. टोळाचे पिल्लू उडत नाही, नुसते उड्या मारत चालते. तेवढ्या अवधीत वाटेवर चर खणले, पिल्ले त्यांत हाकलली, वर माती लोटली, की धाड जागीच मरते. पंख फुटल्यावर मात्र राजाचेही काही चालत नाही. हे त्या राज्यात सर्वांना ठाऊक होते. प्रधानालाही ठाऊक होते.

ठाण्याची प्रमुख वज्राई नावाची विधवा होती. तिने पाहिले ते तसेच सांगितले, आणि तरीही राज्याची दोन खोरी ओसाड झाली. ती कशी, ते ऐका.

राजाच्या पणजोबाला वाईट बातमी ऐकली की झोप येत नसे. म्हणून त्याने धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाकडून सोन्याचा घडा करून घेतला होता. तेव्हापासून राजा पडद्यामागे बसे. राजाचे शब्द बाहेर येत, बाहेरचे आत जात नसत. ते घडा ओढून घेई. वार्ता आणणाऱ्याने घड्यातल्या पाण्यावर वाकून बोलायचे. पाणी गढूळ होई. प्रधान त्यात तुरटी फिरवी, वर फडके बांधी, आणि वार्ता निवळेपर्यंत सगळा दरबार थांबे. मग वरचे नितळ पाणी राजा पिई आणि त्याला नितळ वार्ता कळे. तळाचा गाळ शिपाई वाळवंटात नेऊन ओतत. त्या गाळाचे पुढे काय होते, हे कुणी विचारले नाही.

वज्राईने पहिल्यांदा घड्यात सांगितले, की पूर्वेच्या खोऱ्यावर पिल्लांचे थवे चालून येत आहेत, चर खणायला माणसे द्या. राजा मणिध्वज पाणी प्याला आणि म्हणाला, "वाळवंटात हिरवळ आली आहे. आनंद वाटला."

पूर्वेचे खोरे गेले.

मग पश्चिमेचे गेले. तिथला कारभार राजाचा एकुलता मुलगा, युवराज वीरभानू, पाहत होता. टोळांनी उभे पीक खाल्ले, छपरांचे गवत खाल्ले, वाळत घातलेली लुगडी खाल्ली. युवराजाने आपले कोठार उघडले. ते सरत आले तेव्हा तो स्वतः पानावर बसेनासा झाला, आणि भुकेने मेला. त्याचे डोळे वज्राईने मिटले आणि त्याचा शेला आपल्या कमरेला बांधला. ही वार्ताही तिने घड्यात सांगितली. ती निवळली आणि राजाला कळले, की युवराज शांत आहेत.

"पहिल्यापासून गुणीच आहे तो," राजा पडद्यामागून म्हणाला.

वज्राईने प्रधान अनंतगुप्ताला दारात गाठले. "प्रधानजी, मेलेला माणूस शांतच असतो."

"बाई, वाळवंटात राहून तुझी जीभ खरखरीत झाली आहे," प्रधान म्हणाला. "घडा खोटे बोलत नाही. टोचणारे तेवढे काढून घेतो."

आता मधले खोरे उरले होते. तिथे ज्वारी हुरड्यात आली होती, आणि तिथेच वज्राईची लेक केतकी तान्ह्या मुलीला घेऊन नांदत होती. वाळवंटात पिल्लांच्या पाठीवर पंखांचे कोंभ दिसू लागले होते. राज्यात खायला दुसरे काही उरले नव्हते.

वज्राई ठाण्याच्या ओट्यावर सुन्न बसली असता एक भोरडी उडत आली आणि सांडणीच्या खोगिरावर बसली.

"गोफणी मारून हाकललेत आम्हाला," भोरडी म्हणाली. "चार दाणे खातो म्हणून. आणि टोळ कोण खात होते?"

"गोफण मी मारली नाही," वज्राई म्हणाली.

"अडवलीही नाहीस. असो. ऐक. न ऐकलेल्या वार्तेचा गाळ वाळूत पडतो आणि त्याची अंडी होतात. हा त्या घड्याचा शाप आहे. तीन कामे कर. गाळ ओततात तिथली मूठभर वाळू आण. धूम्रकेशाच्या विहिरीतले कधीच न निवळणारे पाणी आण. आणि दोन्ही घड्यात कालवून राजाला पाज. वार्ता ज्याच्यासाठी, त्यानेच ती प्यायली पाहिजे."

वज्राई निघाली.

गाळ ओततात ती जागा दुरून काळी दिसत होती. जवळ गेल्यावर जमीन हलत होती. पिल्ले तिच्या पायांवर चढली, सांडणीच्या पापण्यांवर चढली. ती वाकून मूठभर वाळू घेते तोच मुठीत कुणीतरी बोलले, 'पिल्ले अजून उडत नाहीत. आताच माणसे द्या.' आवाज तिचाच होता. तिने मूठ घट्ट आवळली आणि वाळू पदरात बांधली.

धूम्रकेश विहिरीच्या काठावर बसला होता. फार म्हातारा झाला होता, पण मेला नव्हता. घडा वापरात असेपर्यंत त्याला मरण नव्हते.

"पाणी ने," तो म्हणाला. "मोबदल्यात आवाज ठेव."

"मग राजाला मी काय सांगू?"

"इतके दिवस सांगत होतीस. त्याने ऐकले का?"

तिने आवाज ठेवला आणि पखाल भरून घेतली.

दरबारात वज्राईने घड्यातले जुने पाणी ओतून दिले, पखाल घड्यात रिकामी केली आणि वरून पदरातली वाळू सोडली. प्रधानाने तुरटी फिरवली. पाणी निवळले नाही. त्याने पुन्हा फिरवली. तुरटी झिजून त्याच्या बोटांतून नाहीशी झाली. दुसरी आणवली. तीही विरघळली. दरबारी उभे राहून राहून अवघडले. खिडक्यांबाहेर ऊन पिवळे झाले, मग तांबूस झाले, आणि कुणीतरी हळूच म्हणाले, की आकाश खडखडते आहे. पहिल्या थव्याला पंख फुटले होते.

"पाणी का येत नाही?" राजाने पडद्यामागून विचारले. "युवराजाची काही वार्ता?"

प्रधान काय बोलला ते पडद्यापलीकडे गेले नाही. तेव्हा पडदा हलला आणि राजा स्वतः बाहेर आला. पणजोबाच्या काळापासून त्या पडद्याबाहेर कुणी राजा आला नव्हता. समोर एक मुकी बाई उभी होती. तिने कमरेचा शेला सोडला आणि दोन्ही हातांनी पसरून धरला. शेला युवराजाचा होता. जरीच्या काठाखेरीज त्यात सगळी भोकेच होती.

"महाराज, निवळू द्या," प्रधान म्हणाला.

"माझ्या मुलाच्या शेल्यातून मला तुमचे तोंड दिसते आहे," राजा म्हणाला. त्याने घडा उचलला आणि तोंडाला लावला.

तो तळापर्यंत प्याला. वाळू त्याच्या दातांत करकरली. न ऐकलेले सगळे त्याने एका दमात ऐकले. पूर्वेच्या खोऱ्यातल्या बायका काय म्हणाल्या ते ऐकले. छपरे खाल्ली जाताना कसा आवाज येतो ते ऐकले. शेवटी मुलाचा आवाज आला. मरताना वीरभानूने वज्राईला विचारले होते, 'बाबांना कळवले का?'

राजा पायरीवर बसला.

"तुम्हाला ठाऊक होते?" त्याने प्रधानाला विचारले.

"महाराज, रीत अशी आहे, की—"

"रीत मी विचारली नाही." मग तो म्हणाला, "नितळ पाणी मीच मागत होतो. तुम्ही ते देत होतात. आपल्या दोघांनाही आता खणायचे आहे."

घडा त्याच्या हातात मातीचा झाला आणि फुटला. दूर विहिरीच्या काठी धूम्रकेश मेला, आणि वज्राईचा आवाज परतला. पण तो चिरकाच राहिला. वाळवंटातली अंडी उकलली. त्यांतून टोळ निघाले नाहीत, वाक्ये निघाली, आणि वाऱ्यावर विरून गेली.

पण जे जन्मले होते ते टोळच होते. शाप सुटल्याने खाल्लेले परत येत नाही आणि फुटलेले पंख गळत नाहीत. राजा, प्रधान, शिपाई, सगळे वाळूच्या कडेला चर खणत राहिले. पिल्ले चरांत पडली, त्यांच्यावर माती पडली. भोरड्या परतल्या, त्यांच्यावर कुणी गोफण उचलली नाही. पंखवाल्या थव्याने मधल्या खोऱ्याचा खालचा भाग खाल्ला. वरचा वाचला. केतकीचे शेत खालच्या भागात होते. ती आणि तिची मुलगी त्या वर्षी शेजाऱ्यांच्या ज्वारीवर जगल्या, पण जगल्या.

पडदा उतरवून त्याच्या माती वाहायच्या झोळ्या शिवल्या. तेव्हापासून त्या राज्यात वार्ता ऐकण्याआधी राजा गढूळ पाण्याचा एक घोट घेतो आणि मग उभा राहून ऐकतो.

पुढच्या पावसानंतर वज्राई दरबारात आली. अंगावर धूळ तशीच होती.

"महाराज," ती चिरक्या आवाजात म्हणाली, "ओल्या वाळूत अंडी दिसली आहेत."

राजाने भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली आणि विचारले, "कुठे?"