लाकडी पंजा

पोरांनो, आणि पोरांच्या आजीआजोबांनो, ही गोष्ट आहे फार जुन्या काळातली, रानाच्या कडेला वसलेल्या एका राज्यातली.

तिथल्या राजाला आपल्या वाघांचा भारी अभिमान. दर उन्हाळ्यात पाणवठे आटू लागले की भिवरा नावाची बाई रानात जायची. चिखलातले ठसे, खोडांवरचे नखांचे ओरखडे पाहून ती दरबारात वाघांची खबर द्यायची. तिच्या शब्दावर राजा शिकारीची परवानगी द्यायचा.

एका उन्हाळ्यात शेजारचा राजा शिकारीला यायचा होता. भिवरा रान पालथं घालून उतरल्या चेहऱ्याने परतली.

"एकच वाघीण उरलीय," तिने शिकारखान्याच्या कारभाऱ्याला सांगितलं. "तीही लंगडी."

कारभाऱ्याला घाम फुटला. पाहुण्यांना चोरून शिकार त्यानेच करू दिली होती. तो म्हणाला, "दरबारात सांग, वाघ पुष्कळ आहेत. नाहीतर हद्दपार होशील."

मग त्याने लाकडाचा पंजा कोरून घेतला, ओढ्याच्या वाळूत ठसेच ठसे उमटवले आणि राजाला तिथे नेलं.

राजा खुलला. "काय भिवरे, किती हे वाघ!"

भिवराला हद्दपारीची धमकी आठवली. या रानाबाहेर तिचं कोणी नव्हतं. तरी तिने पदर खोचला.

"महाराज, सगळे ठसे एकाच पायाचे आहेत. बाकीचे तीन पाय वाघांनी घरी ठेवले काय?"

"महाराजांच्या वैभवाला नावं ठेवतेस?" कारभारी ओरडला.

"जे नाहीच, त्याला वैभव कसं म्हणू? खुशाल हाकला मला. रानात एकच वाघीण उरलीय, माझ्या तोंडून एकाचे दोन होणार नाहीत!"

राजा संतापला. पण खाली वाकून त्याने एकेका ठशावर हात ठेवला. प्रत्येकाच्या कडेला, एकाच जागी, टवका उडाल्याची तीच खूण होती. तो भिवराकडे वळला.

"खरी वाघीण कुठेय?"

भिवराने त्याला वरच्या डोहापाशी नेलं. चिखलात पंजांचे स्पष्ट ठसे होते, आणि एका पायाची नुसती फरफट. राजा कितीतरी वेळ तिथे उकिडवा बसला.

"हिला मी उद्या मारू देणार होतो," तो पुटपुटला.

पाहुणा रुसून गेला. कारभाऱ्याचं पद गेलं. शिकार कायमची बंद झाली. 'आमच्याकडे एकच वाघीण आहे,' असं राजा भर दरबारात मान वर करून सांगू लागला. काही उन्हाळ्यांनी दुसऱ्या रानातून एक वाघ आला, आणि पुढे डोहाकाठी चिमुकले पंजे उमटले.

बोध: आहे तेवढंच सांगायची हिंमत कोणीतरी केली, तरच उरलेलं वाचतं.