चिंचेखालची फळी

फार फार मागची गोष्ट. राजाचा हत्ती बाजारातून चालला की पोरं त्याच्या पायांतून पळायची, तेव्हाची.

त्या राज्याचा प्रधान मनानं लोण्यासारखा. एकदा बिथरलेल्या हत्तीनं एका माहुताला चिरडलं. प्रधान त्याच्या बायकोपुढं हात जोडून म्हणाला, "आक्का, पुन्हा असं होऊ देणार नाही."

खूप डोकं खाजवून त्यानं युक्ती काढली. एका फळीवर जितके हत्ती तितक्या खुंट्या ठोकल्या. पाळी संपली की माहुतानं आपल्या हत्तीच्या खुंटीला दोरा बांधायचा. हत्ती शांत असेल तर पांढरा, बिथरला असेल तर लाल. पुढच्या माहुतानं दोरा बघूनच जवळ जायचं. फळी टांगली प्रधानानं आपल्या कचेरीच्या दारात.

पहिल्याच दिवशी सगळ्यांत जुन्या माहुतानं लाल दोरा बांधला. प्रधान चारचौघांत हसला, "काय हो तात्या, हात म्हातारा झाला वाटतं?"

तात्या आपल्या हत्तीकडं निघून गेला. बाकीच्यांनी मात्र ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून फळी पांढरीशुभ्र! प्रधान खूश. "बघा, माझ्या फळीनं हत्तीसुद्धा शहाणे केले."

महिन्याभरानं एक माहूत पांढरा दोरा बघून बेधडक आत गेला, अन् हत्तीनं त्याला सोंडेनं भिरकावलं. गवताच्या गंजीवर पडला म्हणून जगला; पाय तेवढा मोडला.

प्रधान कडाडला, "खोटा दोरा कुणी बांधला?"

"सगळेच बांधतात," तात्या म्हणाला. "मी खरा बांधला, तेव्हा तुम्ही हसलात ना."

प्रधानाचं तोंड उतरलं. त्याला ती आक्का आठवली. फळी त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि माहूत न्याहारीला बसत, त्या चिंचेखाली नेऊन टांगली. एक नवी खुंटी ठोकून तिला लाल दोरा बांधला. "हा माझ्या घोड्याचा. आज चावला मला. मला आवरत नाही तो."

माहूत एकमेकांकडं बघायला लागले. मग तात्यानं विचारलं, "प्रधानजी, दोरा घोड्याला बांधायचा का तुम्हाला?"

माहूत खो खो हसले. सगळ्यांत मोठ्यानं हसला प्रधान.

त्याच दिवशी फळीवर तीन लाल दोरे आले. पुढं दसऱ्याला खुद्द राजाच्या हत्तीच्या खुंटीला लाल दोरा लागला. बांधणारा कचरला नाही. राजा मिरवणुकीत पायी चालला, पण कुणाच्या घरी रडारड झाली नाही.

म्हणून सांगते बाळांनो, खरं सांगणाऱ्याचं हसं केलंत, तर शहाण्यातली शहाणी फळीही खोटंच सांगते.