वाढत्या घराचा खलबत्ता

फार फार वर्षांमागे, एका आठवडी बाजाराच्या दिवशी, सूर्य उगवून बरोबर तीन घटका झाल्या आणि एका घरातला खलबत्ता फुटला. ही गोष्ट तिथून सुरू होते.

त्या घरात माणसं चार. नवरा, बायको, बोळक्या तोंडाची सासू आणि चार महिन्यांचं बाळ. गोठ्यात एक बैल. त्या काळी बैल बोलत असत, फक्त त्यांचं कुणी ऐकत नसे.

बायको गुणाची होती. पण बाळ झाल्यापासून तिच्या जिवाला एकच घोर, हे पुढे पुरेल का? झबलं शिवलं ते वाढत्या अंगाचं, एवढं की बाळ त्यात सापडत नसे. टोपडं घेतलं ते बाळाच्या हनुवटीपर्यंत यायचं. मग बाळ रडायचं, आणि त्याला दिसत नाही म्हणून हीसुद्धा रडायची.

बाजाराला निघताना सासू म्हणाली, "सूनबाई, मूठभर वाटण होईल एवढाच खलबत्ता आण हो."

"आत्याबाई, आज आपण चौघं आहोत. उद्या बाळाचं लग्न होईल, अंगणात पंगती बसतील. तेव्हा काय तुमच्या त्या पान कुटायच्या बोटभर खलात चटणी वाटू?"

सासूने आपला पानाचा चिमुकला खल पदराखाली घेतला. दात नसल्यामुळे विडा कुटून खायची सवय होती तिला.

बाजारात पाथरवटाने लहानमोठे खलबत्ते मांडले होते. हिचं बोट गेलं ते सगळ्यात मागच्यावर.

"ताई, तो राजवाड्यासाठी घडवला होता," पाथरवट म्हणाला. "राजालाही मोठा झाला म्हणून परत आला."

"राजाला कुठे लेकरू आहे?" ती म्हणाली. "द्या तो."

चार माणसांनी तो छकड्यात चढवला. छकड्याचा कणा कुरकुरला. बैलाने मागे वळून पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"चला," तो म्हणाला, "इतक्या वर्षांनी कुणाला तरी माझ्या पाण्याच्या डोणीची काळजी पडली."

कुणी ऐकलं नाही. खलबत्ता सरळ स्वयंपाकघरात गेला. म्हणजे दाराची चौकट काढल्यावर गेला. तो आत आला, आणि पाट, घडवंची आणि सासू बाहेर आली.

त्याच दिवशी दिवेलागणीला बाळ कळवळून रडायला लागलं. पोट टम्म फुगलेलं, पाय पोटाशी ओढलेले.

"वारा धरलाय गं," सासू म्हणाली. "हिंग कुटून पाण्यात कालव आणि बेंबीभोवती लाव. लवकर."

डब्यात हिंगाचा एकच खडा होता, हरभऱ्याएवढा. तिने तो नव्या खलात टाकला. आत कुठेतरी टुक असा आवाज झाला आणि खडा दिसेनासा झाला.

बत्ता तिला उचलेना. नवऱ्याने दोन्ही हातांनी उचलून घातला. धाड! भिंतीवरची पाल खाली पडली. बाळ दचकून दुप्पट रडायला लागलं. हिंग खालच्या खालीच चेपला आणि तळाला चिकटून बसला.

"अहो, काढा ना तो!"

"अगं, हात पोचत नाही!"

"मग उतरा आत!"

नवरा कमरेपर्यंत आत वाकला. आतून त्याचा आवाज आला, "वास येतोय, पण हिंग सापडत नाही." मग त्याला बाहेरही येता येईना.

इकडे बाळ काळंनिळं व्हायला लागलेलं. बायको रडत म्हणाली, "आत्याबाई, काय करू हो?"

"आधी पोराला माझ्याकडे दे."

सासूने बटवा उघडला. त्यात हिंगाचा एक बारीक खडा होता, सुपारीसोबत ठेवलेला. पदराखालून पानाचा खल काढला. टिक, टिक, टिक. झालं. कोमट पाण्यात कालवून तिने बेंबीभोवती हळूहळू बोट फिरवलं.

थोड्या वेळाने बाळाने असा काही वारा सोडला की गोठ्यात बैल उठून उभा राहिला. मग बाळ हसलं. आई हसली. खलातून आवाज आला, "मला कुणी काढतंय का?"

नवऱ्याच्या अंगाचा हिंगाचा वास कितीतरी दिवस गेला नाही. पारावर तो आला की माणसं म्हणायची, "आमटी आली."

दुसऱ्या दिवशी बायकोने पानाच्या खलात खोबऱ्याची चटणी करून पाहिली. निम्मं खोबरं भिंतीवर गेलं. तेव्हा सासू म्हणाली, "अगं पोरी, हे पानाला बरं. आपल्याला मधला लागतो. एका हाताने उचलता आला पाहिजे, बोटं तळाला टेकली पाहिजेत आणि कुटताना जागेवरून हलता कामा नये. बाळाच्या लग्नाचं बाळाच्या लग्नात बघू. झबलंही तेवढं जरा आखूड शिव."

तिने तसाच खलबत्ता आणला. मोठा पुन्हा चौकट काढून बाहेर गेला, गोठ्याजवळ. त्यात पाणी भरलं. बैल पोटभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "मी तर पहिल्या दिवसापासून सांगत होतो."

तात्पर्य: घरातली वस्तू आजच्या गरजेची आणि आपल्या हाताच्या मापाची घ्यावी, उद्याच्या धास्तीच्या मापाची नाही.

तुमच्या ओळखीची कुणी बाळंतीण बाजाराला निघाली असेल, तर तिला एवढं जरूर सांगा. आणि तिने दुसरीला सांगावं.