जटामांसीची साक्ष

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता आणि त्याच्या छातीत सदा घोडे उधळलेले असत. खरे बोलला म्हणून त्याने एका मांत्रिकाला सुळी दिले होते. हा त्या मांत्रिकाचा शाप. उतारा काय ते मांत्रिकाने कोणा माणसाला सांगितले नाही. राजाला बसवेना, निजवेना. हात कापत, आणि त्या कापत्या हातानेच तो माणसे मारायचे हुकूम सोडी.

राजवैद्य सुश्रव म्हणाला होता, "गुण येईलच." गुण आला नाही आणि बिचारा अंधारकोठडीत पडला. त्याची लेक सुवर्चला दरबारी आली.

"महाराज, माझ्या वडिलांना सोडा."

"चाळीस दिवसांत मला शांत कर. नाहीतर त्याला सुळी देईन."

ती जटामांसी आणायला हिमगिरीवर गेली. तिथे जटामांसीच्या केसाळ मुळ्यांवर एक मैना पहारा करी. मैना म्हणाली, "पोथ्यांत हिचे तीन गुण लिहिलेत: केस काळे होतात, फेपरे थांबते, घाबरा जीव निवतो. तिन्ही पारख आणि दिसेल तेच सांग."

सुवर्चलेने मुळीचे तेल पिकल्या केसांना लावले. सुगंध आला, केस पांढरेच राहिले. फेपरे येणाऱ्यांना काढा दिला. रोगी मिळाले चारच, निवाडा कसला होतोय! मग घाबऱ्या जिवाचे चाळीस जण जमवले. विसांना जटामांसी दिली, विसांना तशाच वासाचे साधे गवत. कोणाला काय दिले ते सांगितले नाही. मुळीने चौदा जण निवले. गवतानेही आठ निवले, म्हणजे मुळीची खात्री देता येईना. ते पाहून तिला रडू कोसळले.

चाळिसाव्या दिवशी राजाने विचारले, "मला गुण येईल?"

एक 'हो' म्हटले की बाप सुटणार होता. ते तिच्या ओठांवर आलेही होते.

"ठाऊक नाही, महाराज. मुळीने विसांत चौदांना गुण आला, गवताने आठांना. आपल्याला कदाचित येईल."

राजाने तलवारीला हात घातला, पण ती उपसली नाही, आणि तो हात कापेनासा झाला. छाती संथ चालू लागली. हिमगिरीहून येऊन खिडकीत बसलेली मैना म्हणाली, "खरे ऐकून घेणे, एवढाच उतारा होता."

"सुश्रवाला आणा," राजा शांतपणे म्हणाला.

प्रधान बोलला, "महाराज, आज सकाळीच, मुदत संपायच्या आधी, आपण त्याला सुळी द्यायला लावलेत."

मग राजाला ते आठवले, आणि त्याआधीचेही सगळे हुकूम एकेक करून आठवले. त्याने काढ्यासाठी हात पुढे केला.

"याला औषध नाही, महाराज," सुवर्चला म्हणाली, आणि तिने बापाचा देह मागून घेतला.

राज्याची घडी बसली, सूळ मोडून टाकला, लोक निर्धास्त निजू लागले. राजा आणि सुवर्चला, ही दोघे सोडून.