बुटक्या सायप्रसची फांदी

"हे मेलं कधी?" दस्तगीरचाचांनी विचारलं.

"मेलं?" डॉ. शर्मिष्ठा उपासनींनी हातातली कुंडी खाली टेकवली. "चाचा, मागच्या आठवड्यापर्यंत हिरवंगार होतं. आत्ता कुठे पिवळं पडायला लागलंय. म्हणून तर तुमच्याकडे घेऊन आले."

चाचांनी बुंध्याला धरून रोप अलगद उपसलं. मुळं काळी पडली होती. त्यांनी ती बाईंच्या नाकापाशी धरली.

"वास घ्या."

बाईंनी घेतला आणि तोंड फिरवलं.

"जुलैत मेलंय हे. पावसात मुळं कुजली. आज नोव्हेंबर. चार महिने तुम्ही मड्याला पाणी घालत होता."

"पण हिरवं होतं ते!"

"हिरवं होतं…" चाचा म्हणाले. "ही झाडं मेली तरी कित्येक महिने हिरवीच दिसतात."

असं ऐकून घ्यायची शर्मिष्ठाबाईंना सवय नव्हती.

पुण्यात एकतीस वर्षं त्यांनी डोळ्यांच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. हात इतका स्थिर, की शिकाऊ डॉक्टर नुसता तो हात पाहायला येऊन उभे राहत. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाचगणीत लहानसं घर घेतलं आणि भोवतीच्या बागेत बुटके जुनिपर, बुटके सायप्रस लावायचं मनावर घेतलं. तारा बांधून, छाटून ठेंगणी ठेवलेली झाडं ही नव्हेत. देवदाराच्या नात्यातली, पण जातीनेच ठेंगणी. वर्षात बोटाच्या पेराएवढी वाढली तरी पुष्कळ. शिवाय भारी लहरी. पाचगणीच्या पावसाशी तर त्यांचं हाडवैर. बाईंची ही चौथी कुंडी रिकामी होत होती.

दस्तगीर मुजावर इथल्या एका निवासी शाळेचे जुने माळी. आता ऐंशीच्या घरात. त्यांच्या अंगणात अशी तीसेक झाडं होती, कित्येक वीस-वीस वर्षांची, आणि एकही गुडघ्याच्या वर गेलेलं नव्हतं.

"मला शिकवा," बाई म्हणाल्या. "आणि यातलं एक रोप द्या. जगवून दाखवते."

"शिकवतो. रोप नाही."

"का?"

"अजून नाही."

बाई दर शुक्रवारी सकाळी येऊ लागल्या.

पहिलं वर्षभर चाचांनी त्यांच्या हाती फक्त चिमटा दिला. झाडाच्या पोटात अडकलेली वाळकी पानं एकेक करून काढायची, म्हणजे आत हवा खेळते. बाईंना ते काम सोपं गेलं. मग कुंडी उचलून नुसत्या वजनावरून पाणी घालायचं की नाही ते ओळखायला त्या शिकल्या. पावसाळ्यात कुंडी एका बाजूने विटेवर कलती ठेवायची, हे शिकल्या. दुसऱ्या पावसाळ्यात तर कुठलं झाड आतून बिघडलंय हे चाचांच्या आधी त्यांनीच सांगितलं.

"बरोबर," चाचा म्हणाले.

"मग आता देता का रोप?"

"अजून नाही."

तिसऱ्या वर्षी बाईंनी पुन्हा विचारलं. चाचांनी झारी भरायला घेतली.

दाराशी एक सायप्रस होता, चोवीस वर्षांचा. चाचांच्या बायकोने, हलिमाबींनी, लावलेल्या कलमाचा. हलिमाबी जाऊन नऊ वर्षं झाली होती. झाड घुमटासारखं गोल, फक्त डाव्या अंगाची एक फांदी जराशी पुढे आलेली. बाईंच्या डोळ्यांत ती पहिल्या दिवसापासून खुपत होती.

एका शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला मशिदीत गेले. एरवी बाई तेव्हा घरी निघायच्या. त्या दिवशी थांबल्या.

कात्री खिडकीत होती.

फांदीचं टोक त्यांनी एकदा कापलं. थोडं मागे सरून पाहिलं. घुमट अजून जुळत नव्हता. त्यांनी कात्री आणखी आत नेली.

कच्.

हिरवी फांदी खाली पडली आणि आतलं उघडं, तपकिरी लाकूड दिसू लागलं. मुठीएवढं भगदाड.

या झाडांचा हिरवेपणा सगळा टोकांना असतो. आतल्या जुन्या लाकडाला पुन्हा फुटवा येत नाही. चाचांनी हे पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि बाईंना ते पाठ होतं.



कुंडी हलकी होती. अर्धी गोल फिरवली असती, तर भगदाड भिंतीकडे गेलं असतं. चार दिवस, कदाचित चार महिने, कुणाच्या लक्षात आलं नसतं. बाईंचे हात कुंडीपर्यंत गेले.

आणि माघारी आले.

चाचा आले तेव्हा बाई पायरीवर बसल्या होत्या. पडलेली फांदी मांडीवर होती.

"मी कापली," त्या म्हणाल्या.

चाचा झाडापुढे उकिडवे बसले. भगदाडात बोट घालून त्यांनी लाकूड चाचपलं.

"हात थरथरला?"

"नाही."

"इथून फुटत नाही, माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"वाटलं…" बाई मांडीवरच्या फांदीकडे पाहत म्हणाल्या. "वाटलं, मला जमेल."

चाचांचं बोट अजून त्या लाकडावरच होतं.

"हलिमाचं आहे हे," ते हळूच म्हणाले.

"चुकलं माझं, चाचा."

एकतीस वर्षांत हे वाक्य बाईंनी एकदाही उच्चारलं नव्हतं. उच्चारायची वेळ आली नव्हती, असं नाही.

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घरात गेले. आता दार लागणार, असं धरून बाईंनी पिशवी उचलली. डोळे पुसले. फाटकाची कडी काढली.

"थांबा."

चाचा मागे उभे होते. हातात मातीची चिमुकली कुंडी, आणि तीत बोटभर उंचीचं रोप. दाराशी होता त्याच सायप्रसचं कलम, चार वर्षांपूर्वी चाचांनी स्वतः लावलेलं.

"घेऊन जा."

ते रोप आजही बाईंच्या बागेत आहे. सात वर्षांत ते वीतभर झालं आणि त्याच्या शेजारी आणखी सहा कुंड्या आल्या. एकही रिकामी नाही. चाचांच्या दाराशी शेजारची फांदी पेरापेराने सरकत भगदाडावर आली. पण तेवढ्या सगळ्या वर्षांत चाचांनी ती कुंडी कधी भिंतीकडे फिरवली नाही. येणारा जाणारा विचारायचा, हे असं कसं झालं, आणि शुक्रवार असला तर बाई स्वतःच सांगायच्या.

पण हे पुढचं. त्या दुपारी बाई रोप घेऊन फाटकात खिळून राहिल्या होत्या.

"तीन वर्षं मागतेय मी," त्या म्हणाल्या. "तेव्हा दिलं नाहीत. सगळं नीट करत होते, तेव्हा नाही. आणि आज देताय? आज?"

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी घातली, खिशात ठेवली.

"कालपर्यंत तुमचं काही चुकतच नव्हतं, बाई."