दौलतची सही

दौलत शेलार पलटणीतून घरी आला आणि अंगण नखांनी उकरायला लागला. बर्फाखाली गाडलेले सोबती त्याने असेच उकरून काढले होते. सैन्याच्या दवाखान्यात उपचार झाले असते, पण कागदावरच्या एका नोंदीने तो हक्क गेला होता: 'स्वतःच्या इच्छेने नोकरी सोडली.' ती नोंद बदलून घ्यायला त्याची आई हिराक्का त्याच्या सहीचा अर्ज घेऊन थेट जवानांची कागदपत्रं ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात गेली.

तिथल्या साहेबांनी अर्ज दोन बोटांनी परत सरकवला. "बाई, नोकरी सुटायच्या महिनाभर आधीच आमच्या डॉक्टरांनी लिहिलंय, याचं डोकं ठिकाणावर नाही. वेड्याची सही आम्ही धरत नाही."

हिराक्काच्या मनात आलं, महिनाभर आधी! म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं? ती खुर्चीवरून हलली नाही.

"मग साहेब, नोकरी सोडतो म्हणून जो कागद हाय, त्याच्यावर सही कुणाची?"

"त्याचीच की!"

"म्हंजे हाकलताना माझं पोरगं शहाणं, आन् दाद मागताना येडं? त्याची सही चालत असंल तर हा अर्ज घ्या. चालत नसंल तर तो कागद फाडा. मग तो अजून तुमचाच जवान हाय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या त्याला."

 साहेबांनी अर्ज आपल्याकडे ओढला.

"पोचपावती द्या," हिराक्का म्हणाली. "आन् सही तुमची करा. तुमाला अजून कुणी येडं लिहिलं न्हाई ना?"